लग्नपत्रिकेचा तुकडा आणि वानेरी गिटार

नवरात्रातली पाचवी माळ होती. देवणीजवळच्या एका गावात, देवीच्या पटांगणात आमच्या पार्टीचा कार्यक्रम रंगात आला होता. गायकानं दुसरं कडवं संपवलं, ढोलकीवाल्यानं तिहाई घेतली, आता पीस गिटारचा. दोन कडव्यांमधल्या वाजवायच्या तुकड्याला आम्ही ऑर्केस्ट्रावाले पीस म्हणतो. मी सहाव्या, सगळ्यांत जाड तारेवर जोरात हात टाकला आणि ती तार घोडीच्या खाचेतून उडून पाचवीला जाऊन टेकली. स्पीकरमधून सुराऐवजी नुसता ठोका आला. कीबोर्डवाल्या भाऊंनी मान वर न करता तोच पीस उचलला, पॅडवाल्यानं झांज वाढवली, आणि सतरंजीवर बसलेल्या एकाही माणसाला काही कळलं नाही. त्या रात्री ती तार मी अंगठ्यानं सात वेळा खाचेत परत बसवली. टेम्पोत सामान चढवताना भाऊ एवढंच म्हणाले, “वाद्य लावून घे. वाईट नाही ते, लावलेलं नाही.”

तंबोरा लावतात, तबला लावतात. गिटार लावायची म्हणजे खुंट्या पिळून सूर मिळवायचा, एवढंच मी तोवर समजत होतो. सूर मिळवणं ही शेवटची पायरी. त्याआधी दांडीचा बाक, घोडीची उंची, खाचांची खोली, तारांची जाडी आणि पोटातल्या वायरी हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. पुण्या-मुंबईत याला सेटअप म्हणतात आणि तो करून देणारे कारागीर तिथं आहेत. देवणीत असा कारागीर नव्हता. तरीही माझी गिटार देवणी आणि उदगीर या दोन गावांतच लागली. स्टेजवर माझ्या गळ्यात दिसते ती गिटार पडद्यामागं कुणाकुणाच्या हातांखालून गेली, ते मला सांगायचं आहे. दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे फ्रेटना, सतारीच्या भाषेत पडदेच म्हणतात, म्हणून ‘पडद्यामागचे किस्से’ हे शब्द या वाद्याला दोन्ही अर्थांनी शोभतात.

गिटार मी २०१५ साली लातूरला घेतली. तिथं डॉक्टर व्हायची तयारी करायला बाहेरगावची पोरं येऊन राहतात. अशाच एका पोराच्या खोलीत ती कॉटखाली पडून होती. घरच्यांनी सांगितलं होतं, परीक्षा होईपर्यंत वाजवणं बंद. शिवाय तो म्हणाला, “दादा, हिचा आवाजही गेलाय. म्हणून नऊ हजारांत देतो.” नव्याची किंमत याच्या दुपटीच्या वर होती. एका चिनी कारखान्यात बनलेली, फेंडर कंपनीच्या जाझमास्टर गिटारीच्या बांध्याची नक्कल होती ती. कंपनीचं नाव सांगण्याचं कारण नाही, कारण त्या किमतीच्या बहुतेक गिटारींची हीच कथा आहे.

बांधा सांगायला हवा. आपण चित्रात पाहतो त्या इलेक्ट्रिक गिटारीची कंबर दोन्हीकडून समोरासमोर आत गेलेली असते. हिची कंबर तिरकी. वरची खोलगट बाजू एकीकडं सरकलेली, खालची दुसरीकडं. उभ्या माणसानं एका पायावर भार टाकून रेलावं तशी ही दिसते. अशा सरकवलेल्या कमरेच्या गिटारीला ऑफसेट म्हणतात. रंग पांढरा, पुढची प्लेटही पांढरी आणि डोकं तेवढं काळं.

देवणीच्या माणसाला या रंगाची वेगळी ओळख सांगावी लागत नाही. आमच्या गावाच्या नावानं ओळखली जाणारी देवणी गाय-बैलांची जात तीन रंगांत येते. पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके असले तर शेवरा, अंग पांढरं आणि ठिपके फक्त पोटाखाली असले तर बालंक्या, आणि अंग पांढरं स्वच्छ पण तोंड काळसर असलं तर वानेरा. मी गिटार घरी आणली तेव्हा मामा ओसरीवर बसला होता. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, “वानेरी आणलास की रं.” तेव्हापासून तिचं नाव वानेरी.

मामाचा आणखी एक उपकार या खरेदीवर आहे. तो जनावर बघायला जातो तेव्हा आधी दात, मग खूर बघतो, आणि शेवटी मागं उभा राहून पाठीच्या कण्यावरून नजर टाकतो. लातूरच्या त्या खोलीत मी तेच केलं. गिटारचं बूड गालाजवळ धरून दांडीवरून सरळ नजर टाकली. दांडीला थोडा बाक होता, पण पीळ नव्हता. बाक आतल्या सळीनं निघतो. पीळ असलेली दांडी मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नये.

आवाज का गेला होता, तो किस्सा उदगीरचा. तिथं एक मामू होते, रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणारे. दुकानाच्या माळ्यावर मर्फी, बुश आणि फिलिप्सचे सांगाडे रचलेले, टेबलावर मोबाइलची उघडी पोटं. मी गिटार ठेवली. त्यांनी आयुष्यात इलेक्ट्रिक गिटार उघडलेली नव्हती. स्क्रू काढून प्लेट उचलली आणि चष्मा कपाळावरून खाली घेत एकेका वायरीवरून बोट फिरवत गेले, नाडी बघावी तसं. पाच मिनिटांनी हसले. “बेटा, कुछ बिगड्या नईं. उप्पर का बटन देख.”

जाझमास्टरला वरच्या शिंगाजवळ एक सरकती कळ असते आणि तिच्याशेजारी दोन दातेरी चाकं. कळ वर सरकवली की नेहमीचे व्हॉल्यूम आणि टोन बाजूला पडतात आणि दुसरीच वाट सुरू होते. तिथून फक्त दांडीजवळचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारं वेटोळं, बोलतो, दबक्या, गोल आवाजात. गायकामागं हलके कॉर्ड धरताना कामाला यावी अशी ती सोय. त्या वाटेचा व्हॉल्यूम म्हणजे त्यातलं एक चाक. पोरानं कधीतरी नकळत कळ वर केली होती आणि चाक शून्यावर होतं. गिटार ठणठणीत होती. मी त्या पोराला फोन करून सांगितलं आणि म्हटलं, हवी तर परत घे. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “नको दादा. आधी नंबर लागू द्या. ती वाजू द्या तिकडं.”

मामूंना मी तेव्हा लिओ फेंडरची गोष्ट सांगितली. ती मला फार जवळची वाटते. ही गिटार ज्यानं काढली तो माणूस मामूंच्याच धंद्यातला. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात १९३८ साली त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. लहानपणीच एक डोळा गेलेला, शिक्षण हिशेबनिशीचं, आणि गिटार काही त्याला आयुष्यभर वाजवता आली नाही. वाजवणारे आपली यंत्रं दुरुस्तीला आणायचे, तक्रारी सांगायचे, आणि हा ऐकून घ्यायचा. त्या ऐकण्यातून टेलिकास्टर आली, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली आणि १९५८ मध्ये जाझमास्टर. जाझ वाजवणारे खुर्चीत बसून वाजवतात, मांडीवर गिटारचा तोल राहावा म्हणून त्यानं कंबर तिरकी केली. मामू ऐकत होते. “बजाना नईं आता था?” त्यांनी दोनदा विचारलं. मग सोल्डरची गन तापत ठेवली आणि न सांगता सगळे सांधे पुन्हा पक्के करून दिले. पैसे घेतले नाहीत.

फेंडरची ती गिटार त्याच्या कंपनीची तेव्हाची सगळ्यांत महाग गिटार होती, आणि ज्यांच्यासाठी बनवली त्यांनी ती घेतली नाही. जाझवाले आपल्या पोकळ पोटाच्या गिटारींवरच खूश राहिले. उचलली ती व्हेंचर्ससारख्या बँडनी आणि समुद्रकाठच्या सर्फ संगीतवाल्यांनी. मागोमाग १९६२ मध्ये तिरक्याच कमरेची जॅग्वार आली आणि १९६४ मध्ये शिकाऊंसाठी मस्टँग. १९६५ मध्ये फेंडरनं कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. पुढं मागणी आटत गेली, १९७५ मध्ये जॅग्वार बंद झाली, १९८० मध्ये जाझमास्टर. अमेरिकेतल्या गहाणवटीच्या दुकानांत या गिटारी धूळ खात पडल्या. मग खिशात पैसे नसलेल्या पोरांनी त्या घेतल्या, कारण परवडत होत्या. सोनिक यूथवाले, डायनोसॉर ज्युनियरचा जे मॅसिस, माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा केव्हिन शील्ड्स यांनी त्या गाजवल्या. निर्वाणाच्या कर्ट कोबेनकडं १९६५ ची जॅग्वार होती. त्यांची गाणी जगभर गेली आणि टाकून दिलेल्या गिटारी पुन्हा महाग झाल्या. म्हणून त्यांच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या, आणि त्यांतली एक लातूरच्या कॉटखाली आली.

स्वस्त म्हणजे कुठं स्वस्त, हे मला ती उघडल्यावर कळलं. लाकूड बरं होतं. यंत्रानं कापलेला बांधा अचूक होता. पिकअपही चांगले. कारखान्यानं वाचवला होता तो माणसाचा वेळ. फ्रेटची टोकं कुणी घासली नव्हती, डोक्याजवळच्या पट्टीतल्या खाचा कुणी खोल केल्या नव्हत्या, घोडीचे स्क्रू कसेबसे फिरवून सोडलेले. महाग गिटारीच्या किमतीत एखाद्या जाणत्या माणसाचे काही तास धरलेले असतात. ते तास आपण आपल्या गावात घालू शकतो, आणि आमच्या गावात जाणत्या हातांची कमी नाही.

आता पुन्हा त्या निसटणाऱ्या तारेकडं येतो. नवरात्र संपल्यावर मी भाऊंचं ऐकून गिटार घेऊन बसलो आणि पहिलीच चूक केली. जाझमास्टरची घोडी दोन टोकदार पायांवर दोन वाट्यांत नुसती उभी असते आणि हात लावला की पुढं-मागं डुलते. मला वाटलं, हीच ढिली आहे. कागदाच्या घड्या कोंबून ती घट्ट केली. तार निसटायची ती निसटतच राहिली, वर आता मागचा दांडा दाबून सूर लहरवला की सूर मूळ जागी परत येईना. घोडी डुलणं हा दोष नव्हताच, ती तशीच बनवली होती. दांडा दाबल्यावर तारा सरकतात, त्यांच्याबरोबर घोडीनंही झुकायचं आणि परत यायचं. मी तिचे पाय बांधून ठेवले होते. घड्या काढल्या.

खरं कारण कोनाचं होतं. या गिटारीत घोडी आणि तारा अडकवायची मागची पट्टी यांत बरंच अंतर असतं, त्यामुळं तार घोडीवरून जवळजवळ आडवीच मागं जाते आणि घोडीवर तिचा भार पडत नाही. १९५८ साली लोक जाड, सपाट वेटोळ्याच्या तारा लावत, त्या तणावानं जागेवर बसत. आज नऊ नंबरच्या बारीक तारा लावल्या तर त्या उडणारच. तेव्हा दोन उपाय. तारा जाड लावायच्या, मी अकरा नंबरचा सेट लावला. आणि घोडी उंच करायची, म्हणजे मागं जाणाऱ्या तारेला उतार मिळेल. पण घोडी उंच केली की तारा दांडीपासून इतक्या वर जातात की बोटं दुखतात. मग दांडीच मागं कलती करायची. त्यासाठी दांडी जिथं धडात बसते त्या खोबणीत, घोडीकडच्या टोकाला, पातळ पाचर घालायची.

हे मला समजलं होतं, मोजायचं कसं ते ठाऊक नव्हतं. मी गॅरेजवाल्या मिस्त्रींकडं गेलो. ते ट्रॅक्टर उघडून बसलेले, हातात फिलर गेजचा जुडगा. टॅपेटची फट मोजायला पोलादाची पातळ पानं असतात ती. “काय बगलालास?” म्हणाले. मी सांगितलं, “मामा, मला पाव मिलिमीटर मोजायचंय.” त्यांनी हात पुसले, खाटेवर स्वच्छ पोतं अंथरलं आणि गिटार मांडीवर घेतली. मी तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी धडाला मिळते तिथं अशी दोन्हीकडं दाबून धरली. त्यांनी मधल्या भागात, सातव्या-आठव्या पडद्याशी पान सरकवून पाहिलं. पाव मिलिमीटरचं पान सहज जात होतं, त्याच्या दुप्पट जाडीचंही जात होतं. म्हणजे बाक जास्त. डोक्याजवळच्या भोकात एलन की घालून मी सळी पिळायला लागलो, तर त्यांनी हात धरला. “पाव आटा. मग सोड. लोखंडाला आणि लाकडाला वेळ दे.” दुसऱ्या दिवशी ये, म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव आटा. तिसऱ्या दिवशी पान बरोबर अंग घासत गेलं. इंजिन असो की गिटार, पान घासून जावं, अडकू नये, एवढं त्यांचं सूत्र होतं, आणि मी आजही तेच पाळतो.

पाचरीसाठी लाकूड शोधायला वेळ नव्हता, दोन दिवसांनी सुपारी होती. कार्यक्रमाच्या बोलीला आमच्याकडं सुपारी म्हणतात. घरी ताईच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा होता. जाड, चकचकीत पुठ्ठा. एकीचा बोटभर रुंद तुकडा कापला, दुमडला, खोबणीत ठेवला आणि दांडीचे चारही स्क्रू आवळले. घोडी उंच केली. बाराव्या पडद्यावर जाड तारेची उंची दोन मिलिमीटर ठेवली, बारीक तारेची दीडच्या जरा वर. मग घोडीवरची प्रत्येक तारेची कडी मागं-पुढं करून, बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि तिथंच हलक्या स्पर्शानं काढलेला सूर एक होईपर्यंत जुळवली. घोडीचे बारीक स्क्रू वाजवताना थरथरून खाली उतरतात, म्हणून त्यांच्या आट्यांवर ताईच्या नेलपॉलिशचा एकेक थेंब. खाचांत पेन्सिलीचं शिसं घासलं, तार सरकताना कुरकुरू नये म्हणून.

मग सहाव्या तारेवर मुद्दाम जोरात हात टाकला. तार जागेवर राहिली आणि सूर पोटातून आल्यासारखा आला. मी बराच वेळ एकच कॉर्ड वाजवत बसलो होतो.

पुढचा किस्सा २०१६ च्या एप्रिलचा. तो उन्हाळा लातूर जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. दुष्काळामुळं मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायला लागली. पहिली १२ एप्रिलला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. दोन दिवसांनी बाबासाहेबांची १२५ वी जयंती होती. आमची पार्टी त्या आठवड्यात रोज एका गावात, भीमगीतांचे कार्यक्रम पहाटेपर्यंत. अशा रात्री गिटारवाल्याची परीक्षा असते. गायक काळी एक, काळी दोनमध्ये गातात, गायिका काळी चार, काळी पाचमध्ये. गिटारच्या मोकळ्या तारा या पट्ट्यांत फारशा कामाला येत नाहीत, सगळा वेळ बोट आडवं टाकून कॉर्ड धरायचे आणि हात दांडीवरून वर-खाली धावत ठेवायचा. दुसऱ्या रात्री गाणं संपवून पाहतो तर डाव्या हाताच्या कडेला रक्त. दांडीचं लाकूड त्या कोरड्या हवेत आकसलं होतं, पण फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही. त्यामुळं प्रत्येक पट्टीची टोकं दांडीच्या कडेबाहेर आली होती, करवतीच्या दातांसारखी.

सकाळी मी सोनारकाकांकडं गेलो. त्यांनी दांडीच्या कडेवर बोट फिरवलं आणि लगेच उचललं. लाकडाला चिकटपट्टी लावून झाकलं, सगळ्यांत बारीक कानस घेतली आणि एकेका टोकाची धार तिरकी मोडत गेले, मग गोलाई दिली. एकवीस पट्ट्या, बेचाळीस टोकं. नथीचा फासा नाकात टोचू नये म्हणून जसं घासतात तसंच हे, म्हणाले, त्वचेला लागणारी वस्तू शेवटी स्वतःच्या त्वचेवर फिरवून बघायची. त्यांनी दांडी आपल्या गालावरून फिरवून पाहिली. त्या रात्री मी पहाटे चारपर्यंत वाजवलं. गालावरून फिरवून पाहिलेली दांडी हाताला कशी लागते ते सांगता येत नाही, पण सकाळी हात उघडून पाहिला तर एक ओरखडा नव्हता.

गुणगुणीचा किस्सा थोडक्यात सांगतो. एका जत्रेत दिव्यांचा डिमर स्टेजच्या अगदी मागं ठेवला होता. दिवे मंद झाले की माझ्या गिटारमधून भुंग्यासारखा आवाज. एकाच वेटोळ्याचे पिकअप आजूबाजूची विजेची गुणगुण पकडतात, आणि त्यांची दिशा बदलली की ती कमी-जास्त होते. म्हणून तो अख्खा कार्यक्रम मी श्रोत्यांकडं खांदा करून उभा राहिलो, आणि शांत गाण्यांना दोन्ही पिकअप एकत्र चालू ठेवले. माझ्या गिटारीत ते उलटसुलट वेटोळ्यांचे आहेत, एकत्र चालले की एकमेकांची गुणगुण खोडतात. नंतर मामूंनी आतल्या खोबणीला ॲल्युमिनियमचं फॉइल चिकटवलं. ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून वायरीला रिंग लावून ती स्क्रूनं फॉइलवर आवळली. त्याच दिवशी त्यांनी मला एक टेस्टर दिला, तो अजून गिटारच्या पिशवीत असतो. गिटारच्या तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात. मांडवातल्या वायरिंगमध्ये खोट असेल आणि वाजवताना माईकला ओठ लागला, तर विजेचा रस्ता माणसातून जातो. माईकच्या जाळीला टेस्टर लावल्याशिवाय मी आजवर पुन्हा तोंड पुढं केलेलं नाही. पार्टीतल्या प्रत्येक नव्या पोराला मी आधी हे शिकवतो, कॉर्ड नंतर.

आणि हा किस्सा मला सगळ्यांत प्रिय आहे. गावातल्या भजनी मंडळात एक म्हातारे काका तंबोरा धरायचे, मिरजेचा तंबोरा. मिरजेत शिकलगारांच्या घरांत, हत्यारांना धार लावणाऱ्या हातांनी, सतार-तंबोऱ्याचं काम सुरू झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. काका एकदा आमच्या तालमीला येऊन बसले. मी वाजवणं थांबवलं तरी वानेरीतून एक बारीक झंकार येत राहिला. मला तो नको असायचा. घोडीमागं तारेचा जो तुकडा उरतो तो काही सुरांना आपोआप बोलतो. काकांनी कान पुढं केला. “हिला तरफा आहेत की रे!” सतारीत मुख्य तारांखाली ज्या आपोआप झंकारतात त्या तरफा. मी म्हटलं, काका, हा दोष आहे, स्टेजवर गोंगाट होतो. ते म्हणाले, “दोष कसा? घराला खिडकी आहे. नको तेव्हा लाव, हवी तेव्हा उघड.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या घोंगडीच्या काठाची एक दशी तोडून आणली. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी खुलवतात, त्या सवयीनं त्यांची बोटं चालत होती. लोकरीची ती दशी त्यांनी घोडीमागच्या तारांतून वर-खाली विणली. झंकार थांबला. मग ओढून काढली, झंकार परत आला. गोंधळाच्या एका गाण्यात शेवटी सगळी वाद्यं थांबतात, तिथं मी दशी काढून घोडीमागच्या तारांवरून नख फिरवतो. लांबून देवळातली घंटा हलल्यासारखं वाजतं. लोक विचारतात, कीबोर्डमधला कुठला आवाज आहे हा. काका आता नाहीत. दशी आहे.

पाऊस लागला की लाकूड पुन्हा ओल पितं. तिसऱ्या वर्षी श्रावणात तारांची उंची अचानक बिघडली, म्हणून दांडी उघडली. पत्रिकेचा तुकडा दमटून दाबला गेला होता. सुतारमामांनी सागवानाची पाचर करून दिली, एका टोकाला कागदाइतकी पातळ, दुसऱ्या टोकाला मिलिमीटरभर, अख्ख्या खोबणीत बसेल अशी. ती बसवत होतो तेव्हा ताई पंचमीला माहेरी आलेली. ओसरीवर झोका बांधलेला, शेजारच्या पोरी गाणी म्हणत होत्या. पाटावर काढून ठेवलेला तुकडा तिनं उचलला. त्याच्यावर चकचकीत लाल अक्षरांत अर्धंच वाचता येत होतं, चि. सौ. कां. आणि पुढं तिच्या नावाचं पहिलं अक्षर.

“ही माझी पत्रिका व्हय रे?”

मी म्हटलं, हो. तीन वर्षं गिटारीत होती.

तिनं तो तुकडा उलटा-पालटा करून पाहिला, दुमडलेल्या घडीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “आणि आता?” मी पाचर दाखवली, दांडी बसवली, चारही स्क्रू आवळले, तारा चढवल्या. तुकडा तिनं पदराच्या टोकाला बांधला आणि झोक्यावर जाऊन बसली. “वाजव,” म्हणाली.